रांगितोतो बेट: ऑकलंडहून सकाळी जाऊन दुपारी परत, सोबत आईबाबा आणि ९ वर्षांची मुलगी

चिंचेचा_कोळ

जानेवारीत आईबाबा पुण्याहून ऑकलंडला येतायत. आई ६३, बाबा ६८. दोघंही रोज तळजाईची टेकडी चढतात-उतरतात, पण बाबांचा उजवा गुडघा उतारावर कुरकुरतो. मुलगी ९ वर्षांची, चालायला खमकी. रांगितोतो या ज्वालामुखीतून बनलेल्या बेटावर सकाळच्या बोटीने जायचं, माथ्यावर जायचं, लाव्हाच्या गुहा बघायच्या आणि दुपारी परत यायचं असा बेत आहे.

उंची बघितली तर २५९ मीटर, म्हणजे सिंहगडाच्या चढाच्या निम्मीही नाही. तरी जो तो ‘पाणी भरपूर न्या, बूट चांगले घाला’ असं बजावतोय. नक्की अवघड काय आहे? वेळेचं गणित कसं मांडायचं? गुहा आधी की माथा आधी? आणि भारतातून येताना आईबाबांनी आपले ट्रेकिंगचे बूट आणावेत की इथेच घ्यावेत?

कातळकडा

चढ अवघड नाहीच. अवघड आहे ते ऊन, पाणी आणि घड्याळ. त्यामुळे सिंहगडाची तुलना डोक्यातून काढा. सिंहगडावर दर वळणावर ताकवाली बसलेली असते. इथे अख्ख्या बेटावर चहाची टपरी नाही, दुकान नाही आणि पिण्याच्या पाण्याचा नळही नाही.

पाणी का नाही, हे कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं. बेट साधारण ६०० वर्षांपूर्वी तयार झालं. आपला सह्याद्रीही बेसॉल्टचाच, पण त्याला साडेसहा कोटी वर्षं झाली. त्याचा मुरूम झाला, माती झाली, कातळात टाकी खोदता आली, झरे लागले. रांगितोतोचा लाव्हा अजून कोरा करकरीत आहे. भट्टीत जळून गेलेल्या विटांच्या तुकड्यांसारखे काळे, धारदार, सच्छिद्र दगड, आणि मधल्या फटींत माती जवळजवळ नाहीच. पाऊस पडतो तो सरळ खाली झिरपून जातो. ना ओढा, ना डबकं. वरून जानेवारीचं ऊन तो काळा दगड शोषून घेतो आणि खालून भाजतो. वाटेच्या पहिल्या टप्प्यात बराच भाग उघडा लाव्हाच आहे, सावली तुकड्यातुकड्याने मिळते.

म्हणून मोठ्या माणसाला प्रत्येकी २ लिटर आणि मुलीला किमान दीड लिटर पाणी घ्या. त्यातली एक बाटली उतरायला लागेपर्यंत उघडायचीच नाही असं ठरवून टाका. होतं काय, माथ्यावर वारा असतो, बरं वाटतं, सगळं पाणी तिथेच संपतं आणि उतरताना भर दुपारी उघड्या लाव्हावर घसा कोरडा पडतो. न्यूझीलंडचं ऊन अंगाला जाणवत नाही पण पुण्याच्या मे महिन्यापेक्षा जास्त पोळतं, कारण इथे उन्हाळ्यात अतिनील निर्देशांक (त्वचा भाजणाऱ्या किरणांचं माप) १२ च्या पुढे जातो. एसपीएफ ५० चं क्रीम बोटीत चढायच्या आधी लावा आणि माथ्यावर पुन्हा लावा. कान, मानेची मागची बाजू आणि पायाचा पंजा लोक हमखास विसरतात.

आता वेळ. बोट शहराच्या मध्यावरच्या फेरी टर्मिनलवरून सुटते आणि साधारण २५ मिनिटांत बेटाच्या धक्क्याला लागते. काही फेऱ्या वाटेतल्या डेव्हनपोर्टला थांबून जातात, तेव्हा थोडा जास्त वेळ धरा. दिवसातून मोजक्याच फेऱ्या असतात आणि मोसमानुसार वेळापत्रक बदलतं. त्यामुळे त्या तारखेचं वेळापत्रक बघून परतीसकट तिकीट आधीच काढा, आणि सकाळची पहिलीच बोट धरा.

धक्क्यापासून माथ्यापर्यंत पाटीवर एक तास लिहिलेला असतो. आईबाबांबरोबर सव्वा ते दीड तास धरा. माथ्यावरच्या विवराच्या काठाने गोल फेरी २० मिनिटं. डबा खायला अर्धा तास. गुहांना फाट्यापासून जाऊन येऊन ३० मिनिटं, आत रेंगाळलात तर ४५. उतरायला एक तास. हे सगळं चार ते सव्वाचार तासांत बसतं, धावपळ न करता.

परतीची शेवटची बोट दुपारची असते, संध्याकाळची नाही. जानेवारीत उजेड रात्री साडेआठनंतरही असतो, त्यामुळे माणूस गाफील राहतो. पण बोट उजेडाकडे बघून सुटत नाही. रांगितोतोवर ऐनवेळी मुक्काम करता येईल अशी सोय नाही आणि तंबू ठोकायलाही परवानगी नाही. बोट चुकली तर वॉटर टॅक्सी मागवायची आणि सांगतील ते भाडं मोजायचं. शेवटच्या आधीची बोट आपली समजा आणि शेवटची राखीव ठेवा.

शेवाळ

बुटांचं मी सांगते. आईबाबांनी आपले रुळलेले बूटच आणावेत. नवे बूट लाव्हाच्या वाटेवर पहिल्यांदा घातले तर टाचा सोलून निघतात. पण दोन अटी.

पहिली अट: बूट पाच-सहा वर्षं कपाटात पडून असतील तर आधी घराजवळ दोन-तीन दिवस चालून बघा. मधल्या थराचं पॉलियुरेथेन दमट हवेत न वापरता नुसतं पडून राहिलं तरी कुजतं. वरून बूट नवाकोरा दिसतो आणि दगडावर तासभर चालल्यावर अख्खा सोल जबड्यासारखा उघडतो. अंगठा दाबून बघा. तळ आणि वरच्या चामड्यामधला थर भुसभुशीत लागला किंवा बारीक भेगा दिसल्या तर तो बूट बाद. चप्पल, क्रॉक्स, पातळ तळाचे कॅनव्हास काही चालणार नाही. दगडाच्या धारा खालून टोचतात आणि पाय मुरगळतो.

दुसरी अट: बूट धुऊनच सुटकेसमध्ये टाका. नुसते झटकून नाही. जुन्या टूथब्रशने तळाच्या खाचांतली माती काढा, साबणाच्या पाण्याने घासा, पूर्ण वाळवा. न्यूझीलंडला येताना जे जाहीरपत्र भरतात त्यात वापरलेले मैदानी बूट आणि खाण्याचे पदार्थ दोन्ही ‘हो’ म्हणून नोंदवायचे. बाकरवडी असो की लाडू, नोंदवलं की अधिकारी बघतात आणि ठरवतात. लपवलं आणि सापडलं तर ४०० डॉलर दंड जागेवर.

मग बेटाची स्वतःची तपासणी. रांगितोतो आणि त्याला जोडलेलं मोतुतापु ही दोन्ही बेटं २०११ पासून उपद्रवी प्राण्यांपासून मुक्त आहेत. उंदीर, घुशी, मुंगसासारखा दिसणारा स्टोट, रानमांजर, सगळं काढून टाकलंय. त्यानंतर तिएके आणि पोपोकातेआ हे पक्षी परत आणून सोडले. एक गाभण उंदरीण कुणाच्या सॅकमधून पोचली तरी एवढ्या वर्षांचं काम पाण्यात. म्हणून बोटीत चढायच्या आधी सॅकचे सगळे कप्पे रिकामे करून झटका. मोज्यांना आणि व्हेल्क्रोला चिकटलेल्या बिया काढा. अर्जेंटिनी मुंग्या आणि छोटे सरडे तर दिसतही नाहीत. सॅक आदल्या रात्री गॅरेजमध्ये किंवा गवतावर ठेवू नका. धक्क्यावर बूट घासायला ब्रश असतात, ते वापरा.

खाणं उघड्या पिशवीत नको, उंदीर शिरणार नाही अशा घट्ट झाकणाच्या डब्यात हवं. आपला कडीचा स्टीलचा डबा यासाठीच जन्माला आलाय. बेटावर कचरापेटी नाही, सालंसुद्धा परत आणायची.

उत्तरवारा

कातळकडांचं गणित बरोबर आहे, पण गुहा येताना की जाताना हे त्यांनी मोघम ठेवलंय. गुहांचा फाटा माथ्याच्या थोडा अलीकडे लागतो. सगळे उतरताना जातात कारण आधी माथा गाठायची घाई असते. बाबांच्या गुडघ्याचा विचार केला तर चढतानाच गुहा उरकाव्यात असं माझं मत. वर चढल्यानंतर थकलेल्या पायांनी तिथल्या खडबडीत जमिनीवर तोल सांभाळणं जास्त त्रासाचं.

गुहा म्हणजे काय ते मुलीला आधी सांगून ठेवा, नाहीतर लेण्यांसारखं काहीतरी असेल असं वाटतं. लाव्हाचा ओघ वाहताना वरचा थर हवेने थंड होऊन घट्ट झाला आणि आतला पातळ लाव्हा पुढे वाहून गेला. उरली ती पोकळ नळी. एका तोंडाने आत शिरून दुसरीकडून बाहेर पडता येतं. आत जमीन म्हणजे पडलेले दगड. छत मध्येच एवढं खाली येतं की वाकूनच जावं लागतं, आणि छताला लाव्हाचीच टोकं आहेत. डोक्यावर टोपी ठेवा, पण पुढे टोक असलेली नको. टोकामुळे वरचं दिसत नाही आणि कपाळ आपटतं.

मोबाइलचा टॉर्च चालतो असं लोक सांगतात. चालतो, पण मग एक हात त्यातच अडकतो. आत भिंतीला धरायला दोन्ही हात मोकळे लागतात. कपाळावर बांधायचा हेडटॉर्च प्रत्येकी एक घ्या.

कातळकडा

@उत्तरवारा, गुडघ्याचा मुद्दा मान्य, पण मग बाबांनी गुहेत जाऊच नये हे जास्त सोपं. फाट्यावर पाटी आहे. आई आणि मुलगी गुहेत जातील तेव्हा बाबा आपल्या चालीने खाली निघाले तर धक्क्यावर सगळे साधारण एकाच वेळी पोचतात. मुख्य वाट रुंद आहे, चुकायला जागा नाही. हा हिशोब फक्त उतरतानाच जमतो, म्हणून माझं मत गुहा उतरताना. पाणी मात्र बाबांच्या सॅकमध्येही हवं, सगळ्या बाटल्या एकाच सॅकमध्ये नकोत.

गुडघ्याला त्रास कुठे होईल तेही सांगतो. खालचा बराच भाग सौम्य उताराचा आहे, कारण पातळ लाव्हा लांबवर पसरत गेला. माथ्याचा शंकू वेगळा, तो स्कोरियाचा, म्हणजे उडून पडलेल्या तांबूस, हलक्या, भोकाभोकांच्या खड्यांचा ढीग. तिथे चढ एकदम उभा होतो आणि शेवटी लाकडी पायऱ्या लागतात. पाय घसरतो तो फक्त पायऱ्यांच्या आधीच्या तुकड्यांत. दोन काठ्या घ्या, उतरताना त्या चढण्यापेक्षा हातभर लांब नाही, फक्त ५ ते १० सेंटीमीटर जास्त ठेवा. बाबागाडी इथे निरुपयोगी, हे पुढे कुणी वाचणार असेल तर.

ताम्हण

एवढी शास्त्रीय चर्चा चाललीच आहे तर विचारतो: हा ज्वालामुखी पुन्हा फुटू शकतो का? आणि ‘रांगितोतो’ म्हणजे ‘रक्ताळलेलं आकाश’ असं कुठेतरी वाचलं. उद्रेकावरून पडलेलं नाव का?

शेवाळ

नावाचा उद्रेकाशी संबंध नाही. तामातेकापुआ नावाचा माओरी सरदार इथे लढाईत जखमी झाला, त्याचं रक्त सांडलं तो दिवस, अशा अर्थाच्या लांब वाक्याचं ते लघुरूप. ‘रांगी’चा अर्थ आकाशही होतो आणि दिवसही, त्यामुळे भाषांतरात घोळ झाला.

पण उद्रेक माणसांनी पाहिला असणार. शेजारच्या मोतुतापुवर त्या राखेत माणसांच्या आणि कुत्र्यांच्या पावलांचे ठसे सापडलेत.

ऑकलंडच्या खाली पन्नासहून जास्त ज्वालामुखींचं क्षेत्र आहे आणि ते जिवंत मानतात. पण यातले बहुतेक एकदाच फुटतात. पुढचा उद्रेक झाला तर तो नव्या जागी होईल, याच विवरातून होण्याची शक्यता कमी. त्यामुळे माथ्यावर वाफा, गंधकाचा वास असलं काही शोधू नका. विवर सुमारे ६० मीटर खोल आहे आणि आत गच्च झाडी.

झाडीकडे मात्र बघा. पोहुतुकावा नावाचा इथला वृक्ष उघड्या लाव्हाच्या फटीत मूळ रोवतो, त्याच्या सावलीत पालापाचोळा साठतो, मग त्यात दुसरी झाडं येतात. काळ्या दगडांत मध्येच हिरवं बेट दिसेल, ते असं तयार झालंय. तुम्ही जानेवारीत जाताय, त्याचा लाल बहर नाताळच्या सुमाराचा, शेवटचा थोडा मिळेल. वाटेत किडनी फर्न नावाचा नेचा दिसेल. कोरड्या दिवसांत तो सुकून गोळा झालेला असतो, मेला असं वाटतं, आणि पाऊस पडला की पारदर्शक पानं उलगडतात. मुलीला आवडेल. तोडू नका.

चिंचेचा_कोळ

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिली बोट, गुहा उतरताना, बाबा थेट खाली, असं ठरवते. दोन गोष्टी राहिल्या. शौचालय कुठे आहे? आणि बाबांना चहा लागतोच. छोटा गॅस नेला तर?

कातळकडा

शौचालय धक्क्याजवळ आहे आणि माथ्याच्या जवळ आहे, मध्ये नाही. हात धुवायला पाणी मिळेल असं धरू नका, सॅनिटायझर ठेवा.

गॅस नको. पालापाचोळा वाळलेला असतो, वारा असतो आणि विझवायला थेंबभर पाणी नाही. घरूनच कडक चहा करून थर्मासमध्ये भरा. थर्मास आधी उकळत्या पाण्याने पाच मिनिटं तापवून घेतला तर माथ्यावर दुपारी बारालाही वाफाळता मिळतो. दूध मात्र चहात आधीच घालून पुन्हा उकळी आणा, वेगळं नेलं तर उन्हात नासतं.

उत्तरवारा

आणि निघायच्या दिवशी सकाळी बोट कंपनीचं पान उघडून बघा. जोराचा वारा असला की फेऱ्या रद्द होतात, आणि ते कधीकधी सकाळीच कळतं.