पार्श्वप्रकाश: बाजूचा की मागचा?

मुठाकाठ: पक्षी-छायाचित्रणाच्या मार्गदर्शिकेचं भाषांतर चालू आहे. 'बॅकलाइट'ला, म्हणजे मागून येणाऱ्या उजेडाला, 'पार्श्वप्रकाश' लिहिलं होतं, मुद्रितशोधनात त्याचं 'बाजूचा प्रकाश' झालं. वाक्य असं: 'पार्श्वप्रकाशात एक्स्पोजर १ ते १.५ स्टॉप वाढवा.' (एक स्टॉप वाढवला की उजेड दुप्पट.) आता ते घातकच झालंय. बाजूच्या उन्हात बगळ्याला दीड स्टॉप चढवला तर नुसता पांढरा ठिपका, पिसाची एक रेघ उरायची नाही. कोणता शब्द घ्यावा?

टिटवी: चूक तुमची. पार्श्व म्हणजे कूस, बगल. पार्श्वकोनासन करताना मागे वाकता का?

पेठकर: आणि पार्श्वगायक काय बाजूला उभा राहून गातो? पार्श्वभूमी, पार्श्वसंगीत, झालंच तर पार्श्वभाग! मराठीत पार्श्व केव्हाच मागे गेलं. संस्कृत कोश मिटा.

टिटवी: मग 'पृष्ठप्रकाश' म्हणा, वाद मिटला.

आर्द्रा: मिटला कसला? पाण्याचा पृष्ठभाग वर असतो. 'पृष्ठप्रकाश' वाचून मला पुण्याजवळच्या कवडीपाटच्या पाण्यावरची चकाकी दिसते. (ती कामाची असते, पक्षी खालून उडाला तर पंखांची आतली बाजू उजळते.) सरळ 'पाठप्रकाश' करा.

मुठाकाठ: पण पाठ कोणाची? 'सूर्य पाठीशी ठेवा' हा पहिला धडा, तिथे पाठ आपली. नवखा माणूस नेमकं उलटं समजेल.

सुरय: शब्द कुठलाही ठेवा, वाक्यच अर्धं आहे. दीड स्टॉप वाढवायचा तो ॲपर्चर प्रायॉरिटीत (छिद्र आपण ठरवायचं, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो), मागे उजळ आकाश असताना. तोच चक्रवाक खाली येऊन काठच्या बाभळींपुढे आला की मागचा काळोख पाहून कॅमेरा आपणहून एक्स्पोजर वाढवतो, वर तुमचा दीड. पक्षी जळाला. म्हणून मॅन्युअल, सगळे आकडे आपल्या हाती: शटर १/२००० सेकंद, छिद्र एफ ६.३, आयएसओ (संवेदनशीलता) ठरलेला, ऑटो आयएसओ बंद. मागे काहीही येवो, पक्ष्यावरचा उजेड तोच, आकडे तेच. आधी एक चाचणी फोटो काढा, अति उजळ भाग कॅमेऱ्याच्या पडद्यावर लुकलुकतो. आकाश लुकलुकलं तर लुकलुकू दे. पंखाची उजळ कड मात्र रुंद पट्ट्यात लुकलुकली तर १/३ स्टॉप उतरवा. हूड लावा, यूव्ही फिल्टर काढा. सूर्य चौकटीच्या जवळ असला की भिंगात उजेड पसरतो, काँट्रास्ट पडतो आणि फोकस पुढेमागे चाचपडत बसतो.

पेठकर: 'लुकलुकणं' झकास! हाच शब्द छापा.

टिटवी: लुकलुकतात ते तारे.

आर्द्रा: शिवाय दर वेळी वाढवायचंच असंही नाही. छायाकृती, म्हणजे सिलुएट, हवी असेल तर आकाशावर मोजून १ ते २ स्टॉप कमी. तिथे वेळ साधावी लागते. पंख पूर्ण वर किंवा पूर्ण खाली, चोच बाजूने दिसणारी. शराटी थेट अंगावर आली तर बाकदार चोच अंगात बुडते आणि काळा गोळा हाती येतो.

टिटवी: छायाकृती सगळ्याच फोटोंना लागू पडेल, आपण 'छायाचित्र'च म्हणतो ना. इथे 'कृष्णाकृती' हवं.

पेठकर: 'सिलुएट' हे फ्रान्सच्या एका अर्थमंत्र्याचं आडनाव. त्यांना आडनाव चालतं, आपल्याला पार्श्व चालत नाही!

सुरय: आर्द्रांचा 'पाठप्रकाश' कधी कधी अक्षरशः खरा ठरतो. पक्षी वाऱ्याला तोंड देऊन उठतो नि उतरतो. वारा पश्चिमेचा असेल तर सकाळी ऊन त्याच्या पाठीवर. पूर्वेला उभे राहाल तर नुसत्या शेपट्या मिळतील, पश्चिमेला उभे राहाल तर तोंड काळं. त्याच वाऱ्यात संध्याकाळी पश्चिम काठ धरा, सूर्य तुमच्या पाठीशी आणि पक्षी समोरून.

मुठाकाठ: ठरलं. नामच नको. 'सूर्य पक्षामागे असताना' असं लिहितो.

टिटवी: पक्ष्यामागे! 'पक्षामागे' सूर्य असायला तो काय निवडणूक चिन्ह आहे?

पेठकर: बोलताना कोण म्हणतं हो 'पक्ष्यामागे'?