मदत हवी आहे: पहिल्या १० मीटर एअर रायफलचे सुटे भाग

कोल्हापुरात नेमबाज तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे यांच्यामुळे मुलं रेंजवर येतात. अशाच एका १५ वर्षांच्या, ५ फूट २ इंच उंचीच्या मुलीसाठी रायफल जुळवायची आहे.

स्टॉक (रायफलचा दस्ता) लाकडी की ॲल्युमिनियमचा? आपल्या पावसाळ्यात लाकूड ओलावा धरतं, बेडिंगचे (नळीचा भाग स्टॉकला घट्ट बसवणारे) स्क्रू सैल पडतात आणि ग्रुप (लागलेल्या छर्‍यांचा पुंजका) सरकतो, म्हणून माझा कल ॲल्युमिनियमकडे आहे. वजनाची मर्यादा ५.५ किलो असली तरी तिला सुरुवातीला ४ किलोच्या आसपास हवं; जड रायफल पेलताना कंबर मागे झुकते. चीकपीस (गाल टेकायचा भाग) उंच-खाली आणि आडवाही सरकणारा असावा, नाहीतर मान वाकते आणि डोळा डायऑप्टरच्या (मागच्या छिद्राच्या साइटच्या) मध्यावर राहत नाही. बटप्लेट (खांद्याला टेकणारा मागचा भाग) पुढे घेऊन रायफलची लांबी घटवायला किती वाव ठेवावा?

पुढच्या साइटची, म्हणजे ज्यातून लक्ष्य पाहायचं ती, रिंग ४.० मिमी घ्यावी की ४.२? फार घट्ट रिंगेत लक्ष्याच्या काळ्या वर्तुळाभोवतीची पांढरी कड पुसली जाते आणि मुलं नेम धरून ताटकळतात.

सेकंडहँड रायफल पाहताना हवेच्या सिलिंडरवरची तारीख आधी बघणार आहे. १० वर्षांची मुदत उलटली असेल तर स्पर्धेला चालत नाही. कोरडी हवा २०० बार भरून मिळते अशी कोल्हापुरात जागा कोणती?

पेलेट (छर्रे) ४.४९, ४.५० आणि ४.५१ मिमीचे थोडे थोडे डबे आणून रायफल शिकंजात धरून प्रत्येकी १० शॉट मारायचे ठरवलंय. एवढ्यावर फरक कळतो का, की २० मारावेत?