हुशार पिल्लाला शोभेल असं नाव सुचवा (देशी मादी, तीन महिने)

पौडफाटा
एका संस्थेकडून देशी पिल्लू दत्तक घेतलंय. मादी, तीन महिन्यांची, पिंगट रंग, कान अजून अर्धेच उभे. डोकं भलतंच चालतं. सरकत्या कपाटाचं दार नाकाने उघडते, आणि बिस्किटाचा पुडा कुठल्या डब्यात गेला ते बघून ठेवून नंतर नेमकी त्याच डब्यापाशी जाऊन बसते. या अकलेला साजेल असं नाव हवंय. संस्थेत तिला 'ब्राउनी' म्हणायचे, ते घरात कुणालाच पसंत नाही. धाकट्याला 'शेरलॉक' हवं (मादी आहे हे सांगून झालं), थोरलीला 'स्टेला'. आजींचा हट्ट मराठी नावाचा, त्यांनी 'जाई' आणि 'गार्गी' सुचवलीत.
या वयात नाव बदललं तर गोंधळेल का? आणि महापालिकेच्या परवान्यासाठी अर्ज करायचाय, त्यावर आधी एक नाव टाकून नंतर बदलता येतं का?

क्लिकरवाली
नाव ठरवण्याआधी एक कागद घ्या आणि कुत्रीला घरातले सगळे मिळून दिवसभरात जे शब्द बोलणार ते त्यावर लिहा. बस, ये, थांब, नको, सोड, जा, दे, सरक. इंग्रजी आज्ञा वापरणार असाल तर सिट, स्टे, डाऊन, नो. पुण्यातल्या बहुतेक घरांत दोन्हींची खिचडी असते, तेव्हा दोन्ही लिहा. मग प्रत्येक नाव या यादीशेजारी मोठ्याने म्हणून बघा.

'स्टेला' तिथेच बाद. सुरुवातच 'स्टे'ने होते. 'जाई' म्हणजे 'जा' आणि मागे शेपूट. 'बसंती'चं सांगायलाच नको. टेकडीवरच्या प्रत्येक चौथ्या लॅब्रॅडॉरचं नाव 'ब्रुनो' असतं आणि त्या बिचाऱ्याला दिवसभर 'नो'ही ऐकावं लागतं. त्याने दुर्लक्ष केलं की मालक म्हणणार, हट्टी आहे.

हे नुसतं तर्काचं नाही. बुडापेस्टच्या विद्यापीठात २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात घरगुती कुत्र्यांच्या मेंदूतल्या लहरी मोजल्या होत्या. ओळखीची आज्ञा आणि अगदीच वेगळा निरर्थक शब्द, यांतला फरक कुत्र्यांच्या मेंदूत स्पष्ट दिसला. पण आज्ञेतला एकच ध्वनी बदलून केलेला शब्द ऐकवला तेव्हा तसा फरक दिसला नाही. म्हणजे कान तीक्ष्ण असतात, पण शब्दातला बारीक फरक धरून ठेवण्याची सवय माणसासारखी नसते. 'निको' आणि 'नको' तुम्हाला वेगळे वाटतील, तिला वाटतीलच असं नाही.

लांबी दोन अक्षरांची ठेवा, फार तर तीन. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरचे मेंढपाळ आपल्या कोली जातीच्या कुत्र्यांना पिढ्यान्‌पिढ्या मॉस, मेग, रॉय, जेस, नेल अशीच आखूड नावं देत आले. आजच्या बॉर्डर कोलींची वंशावळ ज्या १८९३ सालच्या कुत्र्यापर्यंत नेतात, त्याचं नावही नुसतं 'हेम्प'. डोंगरावर शेकडो मेंढ्यांमागे धावणाऱ्या कुत्र्याला हाक मारायची तर शब्द तोंडातून एका झटक्यात सुटायला हवा. पहिलं अक्षर ट, क, प, ग, ब असं ठसक्यात फुटणारं असलं आणि शेवट स्वराने झाला की हाक लांबवर जाते. 'शेवट ईकारान्तच हवा' असं जे सांगतात ते मनावर घेऊ नका. तुम्ही नाव कुठल्या स्वरात म्हणता याला त्याहून जास्त महत्त्व आहे.

आणि मराठी घरातला खास घोटाळा. कागदावरचं नाव आठवडाभर टिकत नाही. शेरलॉकचा शेऱ्या, ऑस्करचा ओशू, गार्गीची गागू आणि गुगू. प्रत्येक माणूस वेगळं काहीतरी म्हणतो आणि पिल्लू बुचकळ्यात पडतं. पुढे लाडाची दहा नावं पडली तर काही बिघडत नाही, पण पहिले दोन महिने घरातल्या सगळ्यांनी एकच उच्चार ठेवा. सोपा उपाय म्हणजे जो अपभ्रंश होणार हे दिसतंय, तेच नाव ठेवून मोकळं व्हायचं.

साडेतीनशहाणा
पुण्यात हुशार कुत्र्याला नाव शोधताय आणि अजून कुणी साडेतीन शहाण्यांपर्यंत पोचलं नाही? सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे, विठ्ठल सुंदर, आणि अर्धे नाना फडणवीस. अडचण एवढीच की 'नाना' म्हणून हाक मारली तर प्रत्येक मजल्यावरून एक आजोबा गॅलरीत येतील, आणि विठ्ठलाचं नाव घेऊन 'चप्पल सोड' म्हणणं आजींना चालणार नाही. देवाची आणि पूज्य माणसांची नावं टाळाच. नावाला कुणी हरकत घेतो तो दिवस नेमका कुत्र्याने लिफ्टमध्ये घाण केल्याचा असतो. 'गार्गी'ही त्याच कारणाने नको, सोसायटीत एखादी गार्गी असतेच.

मादी आहे तर 'सरमा' ठेवा. हुशार कुत्रीसाठी याहून जुनं आणि चपखल नाव आपल्याकडे नाही. पणी नावाच्या टोळीने पळवून लपवलेल्या गाईंचा माग काढत जी रसा नदी ओलांडून गेली ती इंद्राची कुत्री. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १०८वं सूक्त म्हणजे तिचा आणि पणींचा संवाद. ते तिला आमच्याकडेच राहा, गाईंतला वाटा देतो म्हणतात, ती बधत नाही. महाभारताच्या आदिपर्वातही सरमा येते. तिच्या पिल्लाला जनमेजयाचे भाऊ विनाकारण मारतात, तेव्हा ती थेट यज्ञमंडपात जाऊन जाब विचारते. कुत्र्याला संस्कृतात 'सारमेय' म्हणतात तेही तिच्यावरूनच.

(नर असता तर 'खंड्या' म्हटलं असतं. शाहू महाराजांच्या खंड्याची समाधी साताऱ्याजवळ संगम माहुलीला आहे, जाऊन बघा.)

तळजाईकर
कागदबिगद ठीक आहे. नाव पक्कं करायच्या आधी सकाळी सहाला गॅलरीत उभं राहून पाच वेळा मोठ्याने हाक मारा. लाज वाटली तर नाव चुकलं.
ब्रुनो, सिम्बा, रॉकी, लिओ, कोको नको. टेकडीवर एक हाक मारली की चार येतात आणि तुमचं येत नाही.

निळूभाऊ
ब्राउनी बदलायला हरकत नाही. 'ब्राउनी-सरमा, ब्राउनी-सरमा' असं जोडून म्हणत राहायचं आणि पंधरा दिवसांनी ब्राउनी सोडून द्यायचं. आपोआप होतं.

क्लिकरवाली
निळूभाऊ, क्रम उलटा करा. 'ब्राउनी' तिला कळतं, ते आधी आलं की तिचं काम झालं. वळून बघितलं, आता पुढचा शब्द कशाला ऐकेल? नवं नाव आधी, मग अर्धा-एक सेकंद थांबून जुनं, मग खाऊ. 'सरमा'… 'ब्राउनी'… खाऊ. असं केल्यावर नवं नाव हीच जुन्या नावाची चाहूल होते आणि ती 'सरमा'लाच वळायला लागते. हुशार पिल्लाला हे तीन-चार दिवसांत जमतं. ती 'ब्राउनी'च्या आधीच वळायला लागली की जुनं नाव बंद, पुन्हा काढायचं नाही.

संस्थेत तिला त्या नावाने रागावलं गेलं असेल किंवा पकडून पिंजऱ्यात टाकलं गेलं असेल, तर हा जोडही नको. जुनं नाव पूर्ण टाकून नवं कोरं शिकवा. ओळखायची खूण सोपी आहे. 'ब्राउनी' म्हटल्यावर कान मागे जातात, जीभ नाकावर फिरते किंवा ती अंग चोरते का ते बघा.

गोंधळण्याची भीती बाळगू नका. अमेरिकेतल्या चेसर नावाच्या बॉर्डर कोलीला १०२२ खेळण्यांची नावं वेगवेगळी ओळखता येत होती. जर्मनीतल्या रिकोला २००हून जास्त येत. ती दोघं अपवादात्मक होती हे खरं, पण तीन महिन्यांच्या साध्या पिल्लालाही स्वतःचं एक नाव बदलून घेणं जड नाही.

पौडफाटा
'सरमा' आजींना एकदम पसंत. मुलंही कबूल झाली, कारण इंद्राची हेर म्हणजे शेरलॉकच. पण क्लिकरवालीताईंच्या कागदावर ताडून बघितलं तर 'सरक' आहे ना? स्वयंपाकघरात पायात आली की सगळ्यांच्या तोंडून तेच निघतं.

साडेतीनशहाणा
शिवाय तिसऱ्या मजल्यावर शर्माजी असतील तर तेही बघून घ्या.

क्लिकरवाली
बरोबर पकडलंत. 'सरक' आणि 'सरमा' दोन्हींची सुरुवात एकच. नाव आवडलंय तर ते बदलू नका, आज्ञा बदला. 'सरक'ऐवजी 'बाजूला' ठरवा. आजींसकट सगळ्यांनी. फ्रिजवर कागद चिकटवा, कारण पोळ्या करताना सवयीने 'सरक'च निघतं. ते जमणार नसेल तर 'पिंगी' घ्या, रंगालाही शोभेल. 'टिटवी'ही कानाला फार छान लागतं आणि तो पक्षी जात्याच जागरूक, पण टिटवी ओरडणं अपशकुनी मानणारी वडीलधारी घरात असतील तर विचारून घ्या.

आता नाव शिकवायची रीत. उकडलेलं चिकन किंवा पनीर, हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे. खोली शांत, ती तुमच्याकडे बघत नसताना एकदाच, प्रसन्न आवाजात 'सरमा'. वळली की एका सेकंदाच्या आत 'शाब्बास' आणि तुकडा. आठ-दहा वेळा केलं की बस, असे दिवसातून दोन-तीन वेळा. खाऊ दिवसाच्या एकूण आहाराच्या दहाव्या हिश्शावर जाऊ देऊ नका, तेवढं जेवण कमी करा.

शांत खोलीत दहापैकी नऊ वेळा वळते म्हटलं की एक पायरी वर जायचं. टीव्ही चालू, मग मिक्सर, मग गॅलरी, मग जिना, मग खाली पार्किंग. वर चढल्यावर एकदम दहापैकी चारच वेळा वळली तर ती विसरलेली नाही, पायरी फार उंच झाली. एक खाली या. टेकडी सध्या नकोच. लसींचे डोस साधारण चार महिन्यांपर्यंत चालतात आणि तोवर इतर कुत्र्यांच्या वाटेवर पार्व्होचा (पिल्लांच्या जिवावर बेतणारा संसर्गजन्य रोग) धोका असतो. नंतर न्याल तेव्हाही पाच ते दहा मीटरची लांब दोरी लावून.

नाव बिघडतं ते दोन-तीन ठरलेल्या कारणांनी. एक, 'सरमा, सरमा, सरमा, अगं सरमा'. पहिल्या तीन हाका फुकट असतात हे हुशार कुत्र्याला सगळ्यात लवकर कळतं, ती चौथीची वाट बघते. वळली नाही तर पुन्हा नाव घेऊ नका. जवळ जा, ओठांनी चुकचुक आवाज करा, बघितलं की शाब्बास. दोन, रागावताना नाव. चप्पल चावली तर 'सोड' म्हणा, त्यात नाव घालू नका. नखं, आंघोळ, कानात औषध यांसाठी हाक मारून बोलावू नका, उठून तिच्यापाशी जा. तीन, खेळ संपवायलाच नाव वापरणं. मैदानावर दहा वेळा हाक मारलीत तर आठ-नऊ वेळा खाऊ देऊन परत सोडून द्या, पट्टा एखाद्याच वेळी लावा. नाहीतर डब्यांचा हिशेब ठेवणारी ही बाई तुमचाही हिशेब ठेवेल.

नाव म्हणजे 'इकडे बघ'. जवळ बोलवायचा शब्द वेगळा, 'ये'. 'सरमा', ती बघते, मग 'ये'. दोन्ही कामं नावावर टाकली की लिफ्टमध्ये कुणी नुसतं 'सरमाचं वय किती हो?' विचारलं तरी ती उठून अंगावर येते.

तळजाईकर
परवान्याचं राहिलं. अर्जाला रेबीजच्या लसीचा दाखला लागतो, म्हणून आधी लसीचं पुस्तक बघा. त्यावर 'ब्राउनी' असेल तर अर्ज भरण्याआधीच डॉक्टरांकडून 'सरमा (पूर्वीचं नाव ब्राउनी)' असं लिहून सही-शिक्का घ्या. पुस्तकावर एक आणि अर्जावर दुसरं असलं की खिडकीवर समजावत बसावं लागतं. तीन महिने पूर्ण झाले की रेबीजची लस देतातच, तेव्हाच हे काम उरका. कातडीखाली ओळखीची चिप बसवणार असाल तर तिच्यात फक्त १५ अंकी क्रमांक असतो, नाव नसतं, त्यामुळे नाव बदललं तरी चिप बदलावी लागत नाही. नोंदीत नाव आणि तुमचा फोन तेवढा अद्ययावत ठेवा.
गळ्यातल्या बिल्ल्यावर नाव कोरू नका, फोन नंबर पुरे. सापडलेल्या माणसाला तोच लागतो, आणि नावाने जवळ बोलावून उचलून नेणाऱ्याला फुकटची मदत होत नाही.