मदत हवी आहे: ओल्या गुर्द्यावर खोलीचा नकाशा (डेप्थ मॅप) फाटतोय

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. रोबोटिक शस्त्रक्रियेत अवयवाच्या आतली गाठ सर्जनला पडद्यावर जागच्या जागी दिसावी, असा आमचा प्रोजेक्ट. दा विंची रोबोटच्या दुर्बिणीतून दोन डोळ्यांसाठी दोन चित्रं येतात, तसे आम्ही ६ मिलिमीटर अंतरावर दोन बारके कॅमेरे बसवलेत. पट्टी उद्यमनगरात लेथवर करून घेतली, ती एकदम फिट.

घोळ पुढे आहे. मटणाच्या दुकानातून बोकडाचा गुर्दा आणला ("एकात काय रस्सा होतोय?" इति दुकानदार). कोरड्यावर खोलीचा नकाशा, म्हणजे कुठला भाग कॅमेऱ्यापासून किती लांब ते, झकास येतो. पाणी मारलं की दिव्याची चमक दोन्ही कॅमेऱ्यांत वेगवेगळ्या जागी उमटते, दोन चित्रांतल्या त्याच बिंदूंची जुळणी चुकते आणि गुळगुळीत गुर्द्यावर खड्डे दिसतात. आमची फोकल लांबी (भिंगाचं मोजमाप) ८०० पिक्सेल. म्हणजे गुर्दा ८० मिलिमीटरवर असताना जुळणी एका पिक्सेलने चुकली, तर खोली सुमारे १.३ मिलिमीटरने चुकते, १२० वर थेट ३ ने!

दिव्यावर आणि भिंगावर आडवे-उभे पोलरायझर (एकाच दिशेचा प्रकाश सोडणारे फिल्टर) लावले. चमक गेली, पण उजेडही गेला. चमकणारे पिक्सेल गाळून शेजारच्यांवरून भरणं मला पटत नाही; जे दिसलंच नाही ते रंगवायचं कसं?

दुसरं, चिमट्याने दाबलं की गुर्दा वाकतो, आमचं थ्रीडी मॉडेल मात्र ताठच. गाठ म्हणून आत खुपसलेला मणी पडद्यावर गुर्द्याबाहेर तरंगतो. लॅपटॉपवर झेपेल असा काही उपाय कुणी केलाय का? पुढच्या सोमवारी सरांना दाखवायचंय.