रविवारची खिंडसी ट्रिप : बोटीत बसण्याआधी (सोसायटीच्या ग्रुपवरचं बोलणं, नावांऐवजी फ्लॅट नंबर)

ए-104 : रविवारी सकाळी 7 ला गेटवर. आधी रामटेकच्या गडावर दर्शन, मग खिंडसी तलावात मोटरबोट. तर्री-पोहे सोबत घेऊन राहिलो. ऊन चढायच्या आत परत.

बी-302 : भाऊ, लाइफ जॅकेट मिळते नं तिथे? माझी पोरगी सहा वर्षांची आहे. 2017 मध्ये वेणा धरणात बोट उलटली होती, ते आठवलं की जीव घाबरतो.

ए-104 : मिळते हो ताई. आणि चालवणारा असतोच नं सोबत. काही झालं तर तो पाहून घेईल.

सी-501 : भाऊ, यावर मी बोलतो. नौदलातली नोकरी संपून आता बरीच वर्षं झाली, पण ‘तो पाहून घेईल’ हे ऐकून गप्प बसवत नाही. छोट्या बोटीत चालवणारा एकच असतो आणि वळणावर पाण्यात पडणाराही तोच असू शकतो. मग बोट तशीच धावत राहते आणि खाली पंखा फिरतच असतो. म्हणून प्रत्येक बोटीत दुसऱ्या एका मोठ्या माणसाला इंजिन बंद करता आलंच पाहिजे. काठावरच म्हणायचं, “दादा, बंद करून दाखव.” बऱ्याच इंजिनांना एक लाल दोरी असते. तिचं एक टोक स्विचला आणि दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला. तो पडला की दोरी निघते आणि इंजिन आपोआप बंद होते. पुष्कळदा ती नुसतीच लोंबकळत असते. सांगून अडकवून घ्या. दोरी नसेल तर चावी कुठे, ते पाहून ठेवा.

ए-203 : आणि काका, आपल्यातलंच कोणी पडलं तर?

सी-501 : सगळ्यात आधी मोठ्याने ओरडायचं, कोण पडलं आणि कोणत्या बाजूला. एकाने हात त्याच्याकडे रोखून धरायचा आणि नजर अजिबात हलवायची नाही. लाटांमध्ये माणसाचं डोकं नारळाएवढं दिसते, एकदा नजरेतून सुटलं की सापडत नाही. बाकीच्यांनी तरंगणारं जे हाती लागेल ते फेकायचं, ट्यूब, जास्तीचं जॅकेट, झाकण लावलेला रिकामा कॅन. मागून उडी कोणीच मारायची नाही, तसं केलं तर एकाच्या जागी दोघांना शोधावं लागते. बोट हळूहळू, वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून न्यायची आणि तो हाताशी आला की इंजिन पूर्ण बंद. नुसतं न्यूट्रल नको. वर घ्यायचं ते बाजूने, मागच्या पंख्याकडून नाही. त्या वेळी बाकीचे दुसऱ्या बाजूला खाली बसून राहा. सगळे पाहायला एकीकडे धावले की बोटच कलंडते.

बोट उलटलीच तर तिला धरून राहा. किनारा वाटतो त्याहून लांब असतो, पोहत निघालेला माणूस मधेच थकतो. उलटी बोट तरंगते आणि दुरून दिसतेही.

ए-203 : पेट्रोलचा वास आला तर?

सी-501 : तर इंजिन चालूच करू द्यायचं नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, बोटीच्या तळाशी साचते, मग एक ठिणगी पुरे. चालत्या बोटीत मागे आग लागली तर इंजिन बंद, पेट्रोलचा पुरवठा बंद, बोटीचं तोंड वाऱ्याकडे, म्हणजे ज्वाळा आपल्यावर येत नाहीत. फायर एक्स्टिंग्विशर ज्वाळांच्या बुडाशी मारायचं. तो बोटीत आहे का, तेही आधीच पाहा.

बी-302 : काका, उन्हात पोरं जॅकेटसाठी रडतात. परत येताना, किनारा जवळ आला की काढलं तर?

सी-501 : नाही ताई. चढता-उतरताना तर पाय हमखास घसरतो. काठावरच घालायचं आणि काठावर येऊनच काढायचं. 18 डिसेंबर 2024 ला मुंबईत नौदलाची स्पीडबोट ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली, आठवा. अशा वेळी जॅकेट शोधून, बंद लावायला कोणाला सवड मिळते?

ए-402 : डॉक्टर म्हणून माझीही एक विनंती. बाहेर काढलेल्या माणसाचं पोट दाबू नका, उलटं लटकवू नका. पाणी काढण्यात वेळ जातो आणि उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. श्वास चालत नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीवर 30 दाब आणि 2 श्वास, असं मदत येईपर्यंत. एकाने 112 ला फोन लावावा. आणि गटांगळ्या खाऊन उठून बसलेल्यालाही दवाखान्यात न्याच, काही तासांनी श्वासाचा त्रास सुरू होऊ शकतो.

ए-104 : काका, ताई, मी इतका विचारच केला नव्हता. दोन बोटी करतो. एकीत मी दोरी पाहतो, दुसरीत ए-203 वाले भाऊ. फोन प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घ्या सगळे. आभाळ भरून आलं तर बोटिंग रद्द, पैसे गेले तरी चालतील.

बी-302 : पोरीचं वजन 18 किलो आहे. जॅकेटवर लिहिलेलं असते का?

सी-501 : चांगल्या जॅकेटवर आतल्या बाजूला किलो लिहिलेले असतात. घातल्यावर दोन्ही खांदे धरून वर ओढून पाहा. कानापर्यंत आलं तर मोठं आहे, पाण्यात त्यातून ती खाली सरकेल. पायांमधून जाणारा पट्टाही बांधा. तिच्या मापाचं मिळालं नाही तर तिला बोटीत बसवू नका. मी थांबतो तिच्यासोबत काठावर, तुम्ही जाऊन या.

बी-302 : हो काका. मग तिचा डबा तुमच्या पिशवीत देते.