होम्समध्ये कोडंच नसतं म्हणे!

तळघर:
काल इथे एकीने लिहिलं की शेरलॉक होम्सच्या गोष्टींत सोडवण्यासारखं काही नसतंच, पुरावे वाचकापासून लपवलेले असतात, खरी रहस्यकथा ॲगाथा ख्रिस्तीपासून सुरू होते आणि होम्स आवडणारे लोक फक्त बालपण कुरवाळत बसलेत. सोडून देणार होतो पण शेवटचं वाक्य फार लागलं.

होम्स कोड्यासाठी वाचतं कोण? ४ कादंबऱ्या आणि ५६ कथा, त्यातल्या बऱ्याचशा मला पाठ आहेत, तरी परत वाचतो. कोडं हेच सर्वस्व असतं तर उत्तर कळल्यावर पुस्तक रद्दीत गेलं असतं ना. 'स्पेकल्ड बँड' घ्या. हेलन स्टोनर भल्या सकाळी थरथरत होम्सच्या घरी, बेकर स्ट्रीटला येते. होम्स आधी तिच्या हातमोज्यातलं रिटर्न तिकीट बघतो, मग डाव्या बाहीवरचे चिखलाचे ७ ताजे शिंतोडे, आणि सांगतो की ट्रेनच्या आधी घोडागाडीतून खराब रस्त्याने आलात. इथपर्यंत हुशारी झाली. पण थोड्या वेळाने तो तिच्या बाहीची झालर वर करतो तर मनगटावर ४ बोटं आणि अंगठ्याचे वळ. सावत्र बापाने आपल्याला इजा केली याबद्दल ती एक शब्द बोललेली नसते. आपण लपवलेलं कुणीतरी बघितलं, आणि बघून आपल्या बाजूने उभं राहिलं, हे ज्याला त्या पानावर जाणवत नाही त्याला मी काय समजावणार.

आणि पुरावे लपवतो म्हणे. 'सिल्व्हर ब्लेझ'मध्ये मटणाची करी समोर ठेवलीये, लंगडणाऱ्या मेंढ्या समोर ठेवल्यात, रात्री न भुंकलेला कुत्रा तर होम्स स्वतः बोट दाखवून सांगतो. अजून काय हवं?

पानगळ:
ती एकजण मीच. बालपण कुरवाळण्याबद्दल लिहिलं ते मागे घेत नाही.

५६ मधली एक 'सिल्व्हर ब्लेझ' सगळेच काढून दाखवतात. बाकीच्यांत काय होतं? साहेब भिंग घेऊन गालिच्यावर आडवे होतात, काहीतरी उचलून पाकिटात टाकतात, गोष्ट सांगणारा वॉटसन शेजारी उभा असून त्याला पत्ता नाही, म्हणजे आपल्यालाही नाही. शेवटी सगळं उलगडून सांगायचं आणि आपण आ वासायचा. हा वाचकाचा अपमान आहे.

आमचा डोंबिवली लोकलचा ग्रुप होता, लेडीज डब्यातला. ख्रिस्तीचं एक पुस्तक सगळ्यांत फिरायचं, शेवटची पानं स्टेपल करून. प्रत्येकीने चिठ्ठीवर खुनी लिहायचा आणि सगळ्यांचं वाचून झालं की मुंब्र्याच्या आसपास स्टेपल काढायचे. काय भांडणं व्हायची! हरलो तरी मागे जाऊन बघता यायचं की अरे हे तर आपल्या नाकासमोर होतं. होम्सचं पुस्तक असं फिरवून दाखवा.

पाणथळ:
स्पेकल्ड बँडचं नाव काढलंत म्हणून लिहितोय, नाहीतर या वादात मला रस नाही. ती गोष्ट साप पकडणाऱ्या माणसाने वाचूच नये. सावत्र बापाने खुनासाठी पाळलेला साप बशीतलं दूध पितो, शिट्टी ऐकून दोरीवरून परत येतो आणि चावल्यावर माणूस १० सेकंदांत खलास! सापाला बाहेरचा कान नसतो, त्याला जमिनीतली थरथर कळते, हवेतले खालच्या पट्टीतले आवाज थोडेफार जाणवतात, शिट्टी नाही. १० सेकंदांत मारणारा साप भारतात काय, कुठेच नाही. आणि दूध त्याचं अन्नच नव्हे. नागपंचमीच्या आधी गारुडी त्याला कित्येक दिवस तहानलेला ठेवतात म्हणून तो समोर येईल त्यात तोंड घालतो, ते दूध फुप्फुसात जातं आणि मरतो बिचारा. दरवर्षी असले अर्धमेले नाग आमच्याकडे येतात. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, तरी बायका वाटी घेऊन उभ्याच.

तळघर:
अहो गोष्ट १८९२ ची आहे, प्राणिशास्त्राचा पेपर नाहीये तो. लेखक कॉनन डॉयलने १९२७ मध्ये स्वतःच्या आवडत्या १२ कथा निवडल्या त्यात हीच पहिली ठेवली. आणि पानगळ, वाचकाला सगळे पुरावे द्या हा नियम रहस्यकथा लिहिणाऱ्या नॉक्स वगैरे मंडळींनी १९२९ मध्ये लिहून काढला. होम्स आला १८८७ ला. नंतर आलेल्या नियमाने आधीच्याला नापास करताय.

उलट पाणथळ यांनीच माझं काम केलं. तिजोरीवर दुधाची बशी, रात्री शिट्टी, बाप हिंदुस्थानात राहून आलेला. नागपंचमी पाळणाऱ्या घरातलं कुणीही पोर बशी बघताच साप म्हणेल. इंग्रज वाचकाला नसेल सुचत, आपल्याला पुरावा पूर्ण दिलेला आहे.

पाणथळ:
म्हणजे अंधश्रद्धा हाच पुरावा? वा. हेच तर भयंकर आहे. असली गोष्ट वाचून मुलांचा समज पक्का होतो आणि तुम्ही त्याचं कौतुक करताय.

कडीकोयंडा:
सापावरून आठवलं, या लेखकाचा हिंदुस्थान सगळा असाच आहे, साप, चित्ता, विष आणि आग्र्याचा खजिना. 'साइन ऑफ फोर' कादंबरीतला अंदमानचा आदिवासी टोंगा वाचताना मला पुस्तक बंद करावंसं वाटलं, माणूस म्हणून बघितलेलंच नाही त्याला. त्यावर कुणीच बोलत नाही. वॉटसन मुंबईत उतरतो तेही एका ओळीत, पुढच्या ओळीत कंदहारच्या वाटेला. वॉटसन जखमी होतो त्या अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या लढाईत मुंबई फौजेचे शिपाई मेले, कथेत त्यांचं नावसुद्धा नाही.

पानगळ:
टोंग्याबद्दल शंभर टक्के. बघा तळघर, सगळं बघणारा तुमचा होम्स तिथे काय बघत होता?

तळघर:
टोंग्याचं समर्थन करणार नाही, वाईटच लिहिलंय. पण एका पुस्तकातल्या घाणीमुळे बाकी ५९ फेकायची का?

पाणथळ:
मला सापाचं पूर्ण करू द्या. माझी काकू मण्यारने गेली. जमिनीवर झोपली होती, रात्री काही कळलं नाही, पहाटे पोटात दुखायला लागलं. तालुक्याच्या दवाखान्यात पित्त म्हणून गोळ्या देऊन परत पाठवली. दुपारी पापण्या मिटायला लागल्या तेव्हा माझ्या वडिलांच्या डोक्यात आलं, तोपर्यंत श्वास अडकायला लागला होता. मण्यारचा दंश दुखत नाही, सुजत नाही, खूण शोधूनही सापडत नाही. कथेत एक वाक्य आहे की दाताच्या त्या दोन बारीक खुणा दिसायला तपासणाऱ्याची नजर फार तीक्ष्ण हवी. तेवढं एक बरोबर आहे. बाकी सगळं चूक, पण ते वाक्य कुणीतरी दवाखान्यात लावायला पाहिजे होतं.

तळघर:
काकूंचं वाचून वाईट वाटलं. मी पहिल्यापासून हेच म्हणतोय हो, बघण्याबद्दलच आहे सगळं.

कडीकोयंडा:
मघाशी मी टीका केली तरी एक सांगितलंच पाहिजे. जॉर्ज एडलजी, वडील मुंबईत जन्मलेले पारशी, ख्रिश्चन होऊन इंग्लंडमधल्या ग्रेट वर्ली गावचे पाद्री झालेले. रात्री शेतात जाऊन जनावरं फाडली म्हणून १९०३ मध्ये या तरुण वकिलाला ७ वर्षांची सजा ठोठावली. सुटल्यावर डॉयल त्याला हॉटेलात भेटायला गेला आणि लांबूनच बघितलं की हा पेपर अगदी डोळ्यांजवळ, तिरका धरून वाचतोय. डॉयल मूळचा डॉक्टर, डोळ्यांचंही शिकलेला. एवढी कमी नजर असलेला माणूस अंधारात कुंपणं ओलांडून हे करेल कसा? १९०७ मध्ये त्याने पेपरात लेख लिहून सरकारला हलवलं. माफी मिळाली, भरपाई एक पैसा नाही. टोंगा लिहिणारा आणि एडलजीसाठी भांडणारा एकच माणूस, मला याचा हिशेब लागत नाही.

पानगळ:
हे माहीत नव्हतं, छान आहे. पण यात लेखक मोठा ठरतो, कथा नाही. बालपणाचा शब्द हवा तर काढते, कोड्याचा मुद्दा सोडणार नाही. ग्रुपमधल्या तिघी अजून संपर्कात आहेत, शेवट स्टेपल करून स्पेकल्ड बँड देते त्यांना.

तळघर:
द्या. तिघी साप लिहितील.

पाणथळ:
दूध बघून लिहिला तर चिठ्ठी बाद धरा.