गहू तोच, हेतू वेगळा

परकीय मदत म्हणजे पहिल्यापासून देणाऱ्याचा निव्वळ स्वार्थ, हे तुमचं मत मला अर्धंच पटतं. हेतू काळागणिक पालटतो. पीएल-४८० या अमेरिकेच्या धान्यमदत कायद्याचंच बघा. १९५४ मध्ये अमेरिकेनं हा कायदा केला तो मुख्यतः तिथलं न खपणारं धान्य बाहेर काढायला. आपण गव्हाचे पैसे रुपयांत देत होतो. १९६५-६६ च्या दुष्काळात मात्र अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी तोच गहू हात राखून, थोडा थोडा सोडला. शेतीचं धोरण बदला, व्हिएतनामवरून टीका नको, असा दबाव त्यामागे होता. १९६६ मध्ये तर मदत घेणाऱ्या देशाच्या स्वावलंबनाची अट कायद्यातच आली.

आमच्या जतकडची माझी आजी भाकरीवर वाढलेली. तिला जॉन्सन ठाऊक नव्हता. रेशनला गहू आला की चूल पेटायची, एवढंच ती सांगायची. म्हणून त्या मदतीला सरसकट ढोंग म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि आता देणारे आपणही आहोत. २०२१ मध्ये अफगाणिस्तानला ५०,००० टन गहू द्यायचं भारतानं ठरवलं, २०२२ च्या फेब्रुवारीत अटारी सीमेवरून पहिले ट्रक निघाले. तिथली भूक खरी होती, आणि काबूलमध्ये आपलं वजन टिकवायचं होतं हेही खरंच.